लाल शाईतलं एक नाव

३ नोव्हेंबर, सोमवार

खारकोंडच्या ग्रामीण रुग्णालयात आज पहिला दिवस. म्हसळ्यापासून एसटीनं पाऊण तास. गेल्या वर्षी इथे तीन बाळं जन्मली आणि श्वास न घेताच गेली, म्हणून संस्थेनं मला महिनाभरासाठी शिकवायला पाठवलंय. सोमवार ते शुक्रवार म्हसळ्याच्या लॉजवर, शनिवार-रविवार अलिबागला घरी.

लेबर रूमची सहा माणसं समोर बसवली. शिकवायची बाहुली काढली, तिच्यात कोमट पाणी भरलं. पाणी भरलं की वजन खऱ्या बाळाएवढं लागतं. शिवाय सोनाबाई म्हणून एक आया, निवृत्तीला टेकलेली; आयांना परीक्षा नाही, ती नुसती बघायला बसते. तिनं बाहुली मांडीवर घेतली आणि विचारलं, "हिला नाव न्हाय? बिननावाचं पोर कसं हातात घ्यायचं?" मग तिनंच ठेवलं, गोदू. सगळे हसले. मी म्हटलं, बारसं झालं असेल तर आता ऐका. एका मिनिटात हिची छाती वर आली नाही तर गोदू मेली.

मग नियम सांगितले. बाळ रडलं नाही तर कोरडं करा, पाठ चोळा, नाळ कापा, डोकं सरळ ठेवा, आणि मिनिट संपायच्या आत तोंडानाकावर मास्क बसवून हातानं दाबायच्या अँबू बॅगनं श्वास द्या. प्रत्येक पायरी करताना मोठ्याने बोलायची. बोललं नाही ते केलं नाही, हा माझा नियम. संस्थेच्या तपासतक्त्यात बोलण्याला दोन गुण आहेत. मी दहा ठेवते.

का, ते मी वर्गात सांगत नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी माझी मुलगी जन्मली तेव्हा खोलीत तीन माणसं होती आणि एकानेही तोंड उघडलं नाही. नुसता भांड्यांचा आवाज. "डॉक्टरांना बोलवा" एवढं कोणी ओरडलं असतं तरी पुरलं असतं. तेव्हापासून गप्प बसून काम करणारं माणूस मला बघवत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

रुचिता सिस्टर, म्हणजे इथली इनचार्ज, पोपटासारखी बोलते. मास्क थोडा तिरका धरते, पण पाठ सगळं. डॉक्टर भावेश तरुण आहे, नम्र आहे, "हो मॅडम" म्हणतो आणि फोनमध्ये बघतो.

क्रांती हे एक प्रकरण आहे. कंत्राटी स्टाफ नर्स, सव्वीसची, आतल्या कुठल्याशा वाडीतली शेतकऱ्याची मुलगी. अडखळते. साधं अडखळत नाही, शब्द घशात अडकला की मान वाकडी होते, डोळे मिटतात. एक "पुसते" म्हणायला तिला पंधरा सेकंद लागले. मी घड्याळ लावून दाखवलं. "एवढ्या वेळात गोदूचा दहावा झाला," म्हटलं. वर्ग हसला. रुचिता तर डोळे पुसेपर्यंत हसली.

सोनाबाई हसली नाही. नंतर चहाच्या वेळी मला म्हणाली, "मॅडम, गेल्या शिमग्याला हिनं दोन पोरं उठवली. निळी पडल्याली. तोंडानं काय बोलली न्हाय, पन हात बगितलं आसतं तुमी."

मी म्हटलं, नशीब होतं पोरांचं. अंदाजपंचे दाहोदरसे चालायचं ते दिवस गेले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळ्यांना माझा नंबर दिला. कधीही फोन करा, रात्री-अपरात्री करा, संकोच करू नका. मागच्या रुग्णालयात एका सिस्टरनं असाच फोन केला होता, मी फोनवरून पायऱ्या सांगितल्या आणि बाळ रडलं. ते रडणं मी फोनवर ऐकलं. घरी येऊन एकटीच रडले होते. अशा दिवसांसाठी तर हे करते.

क्रांतीला गाणं म्हणत काम करायला सांगितलं, गाताना माणसं अडखळत नाहीत असं कुठेतरी वाचलं होतं. सगळ्यांसमोर अंगाई म्हणायला लावली. ती नुसती उभी राहिली. मी पाच मिनिटं उभी ठेवली. लाज वाटली की जीभ सुटते, निदान माझ्या विद्यार्थिनींची तरी सुटलेली आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परीक्षा. पाच पास, एक नापास.

क्रांतीनं छत्तीस सेकंदांत पहिला श्वास दिला. गोदूची छाती वर आली, मास्कमधून हवा कुठूनही गळली नाही, वेग बरोबर. तोंडातून मात्र एक अक्षर नाही. बोलण्याचे दहाच्या दहा गुण गेले. डॉक्टर भावेश जरा चाचरत म्हणाला, "मॅडम, छाती तर येतेय वर."

"उद्या ही आत गप्प उभी राहील आणि तुम्हाला बाहेर कळणारही नाही की आत काय चाललंय. मग छाती कोण वर आणणार?" मी विचारलं. तो "हो मॅडम" म्हणाला.

यादी केली. पास झालेली पाच नावं हिरव्या शाईत, क्रांतीचं लाल शाईत. खाली लिहिलं: लाल नावाच्या कर्मचाऱ्याने अँबू बॅगला हात लावू नये. सही केली आणि बाळाला ऊब द्यायच्या वॉर्मरच्या वर भिंतीला चिकटवली, येता-जाता दिसेल अशी. फेरपरीक्षा अठ्ठावीसला. तिच्या कराराची मुदत डिसेंबरात संपते आणि माझं प्रमाणपत्र नसेल तर तो पुढे जाणार नाही, हे तिला रुचितानं सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. मला ते करायची गरजही पडली नाही.

क्रांती यादीसमोर बराच वेळ उभी होती. अपमान झोंबला पाहिजे. झोंबल्याशिवाय कोणी शिकत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज एक गोष्ट पाहिली. जेवणाच्या सुट्टीत चष्मा विसरला म्हणून परत गेले तर लेबर रूमच्या खिडकीतून क्रांती दिसली. एकटी होती. गोदूला कोरडं करत होती, पाठ चोळत होती, मग मास्क, मग बॅग. मी घड्याळ लावलं, सवय. तेहतीस सेकंद. माझे स्वतःचे कधी चाळिसाच्या खाली आलेले नाहीत. बाहुलीला ठेवताना तिनं डोक्याखाली हात दिला, जणू मान खरंच लुळी आहे.

दार ढकललं तसे तिचे हात थांबले आणि बॅग खाली पडली. "लाल नाव ना तुझं?" मी विचारलं. तिनं मान हलवली. बॅग मी उचलून ट्रेमध्ये ठेवली. बाहुलीवर केलं तरी नियम तो नियम.

तिला पास केलं असतं तर काय बिघडलं असतं, असा विचार एसटीत आला. पण मग बाकीच्यांना मी कुठल्या तोंडाने बोला म्हणणार?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

क्रांतीचे दोन फोन येऊन गेले, मंगळवारी आणि काल. दोन्ही वेळा नुसता घशाचा आवाज आणि मग कसंबसं "प-परीक्षा". फेरपरीक्षा लवकर घ्या म्हणते. मेसेज कर म्हटलं तर केला, शुद्धलेखन छान आहे. मी उत्तर दिलं नाही. मला लिहिलेलं नको, बोललेलं हवं. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, हे तिला आत्ता कळलं तर पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल.

२३ नोव्हेंबर, रविवार. अलिबाग

छान दिवस. बाजारात सुरमई ताजी मिळाली. कोकम घालून तिखलं केलं, चार तुकड्या तळल्या.

जेवायला बसले आणि क्रांतीचा फोन. तिसरा! उचलला. नेहमीचंच, अडलेला श्वास, काहीतरी सुरू होतं आणि तुटतं. मागे सोनाबाईचं बोलणं ऐकू येत होतं. मी शांतपणे म्हटलं, बोल. परत म्हटलं, बोल. तिसऱ्यांदाही म्हटलं. माझ्यासारखा धीर कोणी धरला नसता. शेवटी सांगितलं, "भिंतीवरची यादी वाच. तुझं नाव कुठल्या शाईत आहे ते बघ. परीक्षा शुक्रवारी. तोवर मला फोन करायचा नाही." आणि ठेवला.

तेवढ्यात सुरमई निवली. संध्याकाळी समुद्रावर फिरून आले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल दुपारी प्राप्ती नावाच्या मुलीची प्रसूती झाली. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, नवरा विनेश ट्रक चालवतो. मुलगा. रडला नाही.

डॉक्टर भावेश साप चावलेल्या पेशंटबरोबर माणगावला गेला होता, घाटात त्याचा फोन लागत नव्हता. रुचिता गावात कोणाच्या तरी हळदीला. मागच्या खोलीत एक आया झोपलेली. लेबर रूममध्ये क्रांती आणि सोनाबाई.

क्रांतीनं बाळ कोरडं केलं, पाठ चोळली, नाळ कापली, डोकं सरळ ठेवलं. बॅग वॉर्मरवर हाताशी होती. तिनं फोन केला. मग बॅग न उचलता परत पाठ चोळायला लागली. त्या आयाकडून निरोप मिळून रुचिता हळदीच्या साडीवर धावत आली तेव्हा बारा मिनिटं झाली होती. तिनं बॅग लावली. ठोके होते, अगदी मंद. अलिबागला नवजात कक्षात नेलंय.

केसपेपरवर जन्मवेळ एक वाजून बारा मिनिटं. मी बाथरूममध्ये जाऊन माझा फोन बघितला. क्रांती, एक तेरा, एक्कावन्न सेकंद.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू, बाळासाठी नाही, माझ्यासाठी. कॉलची नोंद पुसली. मग रुचिताला म्हटलं, भिंतीवरची यादी जुनी झाली, काढून टाक. ती हुशार आहे, काही विचारलं नाही.

क्रांती कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हे शिकवलं होतं का मी?"

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रजा टाकून अलिबागला आले आणि नवजात कक्षात गेले. केसपेपरवर फोनबद्दल काही लिहिलंय का ते बघायचं होतं. काही नाही.

बाळ काचेपलीकडे नळ्यांत. अधूनमधून एक हात झटके देतो. पोरगा मोठा आहे, सव्वातीन किलोचा. केस भरपूर.

विनेश बाहेर जमिनीवर बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर उठून उभा राहिला. "तुमी येकट्याच आलाव बघायला, मॅडम. तिकडनं दुसरं कोन न्हाय आलं." मी त्याला माझं कार्ड दिलं. काही लागलं तर सांग म्हटलं. असं म्हणायची पद्धत आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी साडेसहाला गेला.

१ डिसेंबर, सोमवार

चौकशी. जिल्ह्यावरून अधिकारी आले होते, घाईत. मी, डॉक्टर, रुचिता, क्रांती. सोनाबाईला कोणी बोलावलं नाही, आयांचा जबाब कोण घेतो.

त्यांनी क्रांतीला विचारलं, "बॅग हातापाशी असताना वापरली का नाही?" तिची मान वाकडी झाली, डोळे मिटले. साहेबांनी घड्याळात बघितलं. "बोला ना बाई." ती झगडत राहिली आणि मग तिनं वॉर्मरवरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. तिथे चिकटपट्टीचे चार तुकडे होते, बाकी भिंत रिकामी.

"भिंतीचं काय?" साहेबांनी विचारलं.

मी बोलू शकले असते. खोलीत सगळ्यात स्पष्ट बोलता येणारी मीच होते. रुचिता नखं बघत होती. डॉक्टर भावेशनं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, मिटलं. कोणीतरी टेबलावरचा चमचा कपात ठेवला, तेवढाच आवाज.

साहेबांनी तिला लिहून द्या म्हटलं आणि कागद सरकवला. तिनं एक ओळ लिहिली. साहेबांनी मोठ्याने वाचली: "बॅग माझ्या हाताशी होती, मी उचलली नाही, चूक माझी आहे." फोनचं त्यात नाव नाही.

मला मत विचारलं. मी म्हटलं, ही कर्मचारी परीक्षेत नापास होती आणि तसं मी चौदा तारखेलाच कळवलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिचा करार आजपासून बंद झाला.

३ डिसेंबर, बुधवार

क्रांती सामान न्यायला आली होती. नर्सचे पांढरे बूट, एक डबा, माझी पुस्तिका. पुस्तिका टेबलावर ठेवली. प्रत्येक पानावर पायऱ्या तिनं बारीक अक्षरात तोडून लिहिल्या होत्या. पु-स-ते. चो-ळ-ते. म्हणजे घरी सराव करत होती.

ती गेल्यावर सोनाबाई गोदूमधलं पाणी ओतत बसली. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, तुमचा आवाज लय मोटा हाय."

"मग?"

"फोन तिच्या कानाला व्हता. मी पोराचे पाय धरल्याले. तरी मला समदं आयकू आलं. यादी वाच म्हनलाव. तिनं वाचली. डोळं वर करून वाचली मॅडम, तुमी सांगितली तशी. मग हात मागं घेतला."

मी विचारलं, तुला काय हवंय.

"मला काय पायजे? फेब्रुवारीत घरी बसनार मी. मी तिला म्हनली, सांग की त्यांना. तिनं पाटीवर लिवून दावलं. म्हाजं लिवनं-वाचनं चौथीपुरतं, पन तेवडं वाचता आलं." सोनाबाईनं रिकामी बाहुली उलटी टांगली. "हात माझेच होते. आसं लिवलं तिनं."

हे निदान खरं आहे, असं मनात आलं. हात तिचेच होते. हे वाक्य मी आज संध्याकाळपासून चार वेळा मनाशी म्हटलंय आणि तरी ते दर वेळी परत म्हणावं लागतंय.

५ डिसेंबर, शुक्रवार

संस्थेचं पत्र. खारकोंडच्या पाच कर्मचाऱ्यांना प्रमाणपत्रं मंजूर, शंभर टक्के निकाल, कारण नापास व्यक्ती आता सेवेत नाही. माझं अभिनंदन. सोमवारपासून रेवसच्या बाजूचं एक रुग्णालय देताहेत. म्हणजे घरून जाऊन-येऊन करता येईल.

मुलीची आठवण फार आली. तिच्या जन्माच्या वेळी खोलीत असलेल्या त्या तिघांपैकी एकीला मी पुढे बाजारात पाहिलं होतं, सिस्टर होती ती. मला ओळख न देता भाजी घेत राहिली. मी तिला आयुष्यभर शिव्या दिल्या.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी दारात विनेश. कार्डावरचा पत्ता विचारत आला. मृत्यूचा दाखला मिळतो का बघायला कालपासून अलिबागेत होता. खांद्यावर पिशवी. आत बोलावलं, पाणी दिलं. प्राप्ती कशी आहे विचारलं.

"दूध येतंय तिला," तो म्हणाला. "बांधून ठेवलंय आईनं." मग पेला खाली ठेवला. "मॅडम, येक विचारू? त्या सिस्टरनं तवा कुनाला तरी फोन लावल्याला. प्राप्तीनं बघितला. टेबलावर पडल्यापडल्या बघितला तिनं. कुनाला, ते ती सिस्टर सांगत न्हाय. मी तिच्या घरी जाऊन आलो. हात जोडले. रडते निस्ती. तिला बोलता येत न्हाय." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुमाला येतं. तुमाला म्हाईत हाय का?"

मी म्हटलं, "नाही."

स्पष्ट म्हटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. इतकी वर्षं मी लोकांना असंच बोलायला शिकवलं.

तो मान हलवत राहिला. "डॉक्टरलाच लावला आसंल," म्हणाला. "लागला नसंल." मग पिशवी पुढे केली. नवे तांदूळ, पाच-सहा किलो असतील. यंदाच्या त्यांच्या शेतातल्या भाताचे, आईनं बारशाच्या जेवणाला म्हणून निवडून वेगळे काढून ठेवले होते. "आता घरात ठेववत न्हाय आन टाकवत बी न्हाय. प्राप्ती म्हनली, त्या मॅडम बघायला आल्यावत्या, त्यांना देऊन ये."

नको म्हणायला हवं होतं. म्हटलंही, एकदा. तो उंबऱ्यात पिशवी टेकवून, पाया पडून गेला.

दुपारी त्यातलाच वाटीभर लावला. नवा तांदूळ, पाणी कमी घालावं लागतं. मऊ झाला. जेवताना फोन ताटाशेजारी ठेवला होता, आवाज मोठा करून. कोणाचा आला नाही.